नकलेची साक्ष

सर्व्हर नावाचे यंत्र फार दिवस जगत नाही. पाच-सात वर्षांत त्याचे भाग थकतात, त्याची प्रणाली कालबाह्य होते, आणि मग त्यातील सर्व फाइली नव्या यंत्रात उतरवून घ्याव्या लागतात. ज्या संस्थेने १९९५ च्या सुमारास आपले काम संगणकावर आणले, तिच्या दप्तराने आजवर चार-पाच वेळा घर बदललेले असणार. हे घर बदलणे बहुधा सुटीच्या आदल्या रात्री उरकले जाते, त्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि सोमवारी सकाळी सारे जागच्या जागी दिसले की त्याचा सर्वांना विसर पडतो. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीचे व एकविसाव्याच्या आरंभीचे जे लेखन पुढील पिढ्यांच्या हाती पडेल, त्यातील बराच भाग अशा विसरल्या गेलेल्या रात्रींतून पार होऊन आलेला असेल. म्हणून फाइलींच्या नकलेचाही इतिहास पाहण्याजोगा आहे. त्यात नक्कल करण्याची युक्ती तुलनेने लवकर साधली. नक्कल मुळाबरहुकूम उतरली हे कशावरून मानावे, हा प्रश्न मात्र पुष्कळ काळ छळत राहिला.

हस्तलिखितांच्या जगात हा प्रश्न जुनाच होता. पोथी उतरवणारा लेखक अखेरीस, आपण जसे पाहिले तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा बोल आपल्याला लावू नये, अशा अर्थाची प्रार्थना करून मोकळा होई. त्याचबरोबर अनेक पोथ्यांच्या शेवटी 'ग्रंथाग्र' म्हणून एक आकडा आढळतो. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ, या मापाने संपूर्ण मजकूर मोजून तो घातलेला असे. लेखकाची मजुरी त्यावरून ठरे, आणि मजकूर गळला असेल तर तेही त्यावरून कळे. एवढी सावधगिरी असूनही पाठ बिघडत. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा पाठ शके १५०६ मध्ये एकनाथांना शुद्ध करावा लागला. मधली २९४ वर्षे म्हणजे नकलेवरून नक्कल आणि तिच्यावरून पुन्हा नक्कल. संगणकाने ही चिंता कायमची मिटवली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत आर्पानेट या जाळ्यावरून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील संगणकाने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाशी पहिला संवाद केला. यंत्रे जोडली गेली खरी, पण एका यंत्रातील फाइल दुसऱ्यात नेण्याची सर्वमान्य रीत अद्याप नव्हती. ती रीत प्रथम लेखी मांडली एका भारतीय तरुणाने. अलाहाबादचे अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. १९६५ मध्ये तेथून पदवी घेऊन ते एमआयटीत गेले. जाळ्याच्या घडणीसंबंधीची टिपणे तेव्हा आरएफसी या मालिकेत क्रमांकवार प्रसृत होत. तिच्यातील ११४ वे टिपण, दिनांक १६ एप्रिल १९७१, भूषण यांचे आहे आणि त्याचा विषय फाइल-स्थलांतराचा संकेत, म्हणजेच पुढे एफटीपी या नावाने घरोघरी पोहोचलेला संकेत, हा आहे. आपल्याकडील संगणकाच्या इतिहासलेखनात या नावाची आठवण अधिक ठळकपणे व्हायला हवी होती, असे मला वाटते.

भूषण आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढील अडचण आजच्या वाचकास चटकन ध्यानात येणार नाही. आज एक अक्षर साठवण्याचे किमान माप आठ बिटांचे, हे आपण गृहीत धरतो. १९७१ मध्ये तसे काहीच नव्हते. पीडीपी-१० या यंत्राचा एक शब्द छत्तीस बिटांचा असे. त्यात सात-सात बिटांची पाच अक्षरे बसवत आणि एक बिट रिकामा राही. आयबीएमच्या यंत्राचा शब्द बत्तीस बिटांचा, आणि त्याची अक्षरांची संकेतावलीच निराळी. इतरांच्या यादीत ज्या क्रमांकावर एक अक्षर, त्या क्रमांकावर आयबीएमकडे दुसरेच. अशा दोन यंत्रांमध्ये फाइल न्यायची तर नेमके काय न्यायचे? बिट जसेच्या तसे नेले तर पलीकडे वाचता येणार नाहीत. अक्षरे न्यायची तर बिट बदलावे लागतील. भूषण यांच्या टिपणानंतर वर्ष-दीड वर्षात जे सुधारित मसुदे निघाले त्यांनी दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या. एक प्रकार अक्षरांचा, त्यात पलीकडच्या यंत्राला कळेल असे रूपांतर वाटेतच होई. दुसरा प्रकार 'प्रतिमा' नावाचा, त्यात एकही बिट न हलवता फाइल पोहोचवली जाई. कोणता प्रकार वापरायचा ते नेणाऱ्याने सांगायचे.

नेणारा ते सांगायला विसरला की काय होई, याचा अनुभव पुढील पंचवीस वर्षे पुष्कळांनी घेतला. ओळ संपल्याची खूण म्हणून युनिक्समध्ये एक चिन्ह असते आणि डॉस-विंडोजमध्ये दोन. टंकलेखन यंत्रात गाडी मागे आणणे आणि कागद वर सरकवणे अशा दोन क्रिया असत, त्यांचा हा अवशेष. अक्षरांच्या प्रकारात फाइल नेली की एका चिन्हाच्या जागी दोन घातली जात. पत्र असेल तर ते बरोबरच होते. छायाचित्र असेल तर त्यात जेथे जेथे योगायोगाने तो आकडा आला तेथे तेथे एक जादा आकडा घुसे आणि चित्र उघडेनासे होई. यंत्राने सांगितल्याप्रमाणे बिनचूक काम केलेले असे. फक्त पाहिजे ती नक्कल झालेली नसे.

एफटीपीचा आजही ओळखला जाणारा मसुदा ऑक्टोबर १९८५ चा आहे. त्याचे एक वैगुण्य फार महागात पडले. परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असे परवलीचे शब्द चोरून ऐकण्याचा प्रकार घडला, तेव्हा तेथील टाटू युलेनेन यांनी सर्व संवाद गुप्त लिपीत बांधून नेणारी एसएसएच ही प्रणाली लिहिली. एससीपी ही नकलेची आज्ञा तिच्याच घरातली. त्यानंतर शहाणे लोक एफटीपीपासून दूर होऊ लागले. २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी त्याचा आधार काढून घेतला. भूषण यांच्या टिपणाला त्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.

चोरापासून संरक्षण झाले, तरी खरेपणाची साक्ष उरलीच होती. त्या बाबतीतील सर्वांत देखणे काम ऑस्ट्रेलियात झाले. कॅनबेऱ्याच्या राष्ट्रीय विद्यापीठातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९ जून १९९६ रोजी आर्सिंक ही प्रणाली जाहीर केली. आज जुन्या सर्व्हरवरून नव्यावर फाइली नेताना, निदान लिनक्सच्या प्रांतात, बहुतेकांचा हात प्रथम तिच्याकडेच जातो. तिच्यापुढचा प्रश्न असा: फाइलीची जुनी प्रत पलीकडे आहे, नवी प्रत अलीकडे आहे, मधली तार मंद आहे, संपूर्ण फाइल न पाठवता फक्त फरक कसा पाठवायचा? फरक काढायला दोन्ही प्रती एका जागी हव्यात, आणि त्या एका जागी असत्या तर पाठवण्याची गरजच नव्हती.

ट्रिजेल यांची युक्ती अशी की पलीकडच्या यंत्राने आपल्या जुन्या प्रतीचे सारखे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याची एक छोटी बेरीज काढावी आणि फक्त बेरजा इकडे पाठवाव्यात. इकडच्या यंत्राने आपल्या प्रतीवर तेवढ्याच मापाची खिडकी एकेक अक्षर सरकवत न्यावी आणि जेथे बेरीज जुळेल तो तुकडा पलीकडे आहेच असे समजून पुढे जावे. न जुळलेला मजकूर तेवढा पाठवायचा. येथे ग्रंथाग्राची आठवण होणे साहजिक आहे, पण नुसती मोजणी पुरत नाही. 'राम' आणि 'मरा' यांतील अक्षरे तीच. वाल्याच्या कथेची सारी मौज तेथेच आहे. 'रा' ला पाच आणि 'म' ला तीन असे आकडे दिले तर दोहोंची बेरीज आठच येईल. म्हणून आर्सिंक दुसरी बेरीज करते. तिच्यात प्रत्येक आकड्याला त्याच्या स्थानाने गुणतात: पहिल्याला दोनने, दुसऱ्याला एकने. आता 'राम' ची बेरीज तेरा येते आणि 'मरा' ची अकरा. खिडकी एक घर सरकली की निघून गेलेल्या अक्षराचा हिशोब वजा करायचा आणि नव्या अक्षराचा मिळवायचा. सगळे पुन्हा मोजावे लागत नाही. ही सोपी बेरीज जुळली तरच १२८ बिटांची दुसरी, कडक कसोटी लावायची. पुढे १९९९ मध्ये ट्रिजेल यांनी आपल्या प्रबंधात हे सर्व सविस्तर मांडले.

प्रत्यक्ष स्थलांतराची रीत आर्सिंकमुळे बदलली. चालू कचेरीतील फाइली नक्कल होत असतानाच बदलत असतात. त्यामुळे पहिली फेरी जुना सर्व्हर चालू ठेवून करतात. तिला दोन दिवस लागले तरी हरकत नसते. दुसऱ्या फेरीत मधल्या काळात बदललेले तेवढेच जाते. मग थोडा वेळ सर्वांना काम थांबवायला सांगून शेवटची फेरी मारतात आणि नवे यंत्र पुढे करतात. यात इतिहासाच्या दृष्टीने एक बारकावा आहे. साध्या आज्ञेने नक्कल केली तर नव्या फाइलीवर नकलेच्या दिवसाची तारीख पडते. पंधरा वर्षांतील पत्रव्यवहार एकाच रात्री लिहिला गेल्यासारखा दिसू लागतो. जुन्या कागदावरील मिती फाडून टाकण्यासारखेच हे आहे, आणि मागितल्याखेरीज यंत्र मिती जपत नाही. मालकीचेही तसेच. युनिक्सच्या घराण्यातील यंत्रे फाइलीचा मालक नावाने लक्षात ठेवत नाहीत, क्रमांकाने ठेवतात. नव्या यंत्रावर तो क्रमांक दुसऱ्याच कोणाला दिलेला असला तर एकाचे दप्तर मुकाट्याने दुसऱ्याच्या नावावर चढते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहे. आर्सिंक सहसा फाइल उघडून पाहत नाही. नाव, आकार आणि बदलाची वेळ जुळली की फाइल तीच आहे असे ती धरून चालते. आतील अक्षरन् अक्षर ताडून पाहायचे असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते आणि त्याला वेळ लागतो. वेळ नसतोच. स्थलांतराच्या रात्री घाई हीच मुख्य अधिकारी असते.

या घाईची किंमत किती असू शकते याची दोन उदाहरणे सर्वज्ञात आहेत. मायस्पेस हे संकेतस्थळ २००३ नंतर काही वर्षे हौशी गायक-वादकांचे माहेरघर होते. मार्च २०१९ मध्ये तेथे एक सूचना आढळली, की सर्व्हरच्या स्थलांतरात तीन वर्षांपूर्वीची छायाचित्रे, चित्रफिती आणि ध्वनिफाइली कदाचित उपलब्ध राहणार नाहीत. 'कदाचित' हा शब्द सौजन्याचा होता. सुमारे एक कोटी चाळीस लाख कलावंतांची पाच कोटींवर गाणी गेली, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. त्यांतील साडेचार-पाच लाख गाणी पुढे इंटरनेट अर्काइव्हला मिळाली, ती एका अभ्यासगटाने २००८ ते २०१० च्या दरम्यान आपल्या संशोधनासाठी उतरवून ठेवली होती म्हणून. ज्ञानेश्वरीप्रमाणेच येथेही मूळ गेले आणि कोणाच्या तरी घरची प्रत कामी आली. दुसरे उदाहरण क्योटो विद्यापीठाचे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील महासंगणकावर जुन्या नोंदी साफ करणारी एक आज्ञावली, ती चालू असतानाच, सुधारून तिच्याच जागी ठेवण्यात आली. यंत्राने अर्धी जुनी आणि अर्धी नवी आज्ञा वाचली आणि नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या: सुमारे ७७ टेराबाइट, तीन कोटी चाळीस लाख फाइली, चौदा संशोधनगटांचे काम. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने चूक मान्य केली, पण त्यांतील काही गटांचे काम परत मिळाले नाही.

आता मराठीकडे येऊ. भूषण यांच्यापुढचा प्रश्न, बिट न्यायचे की अक्षरे न्यायची, रोमन लिपीपुरता जवळजवळ सुटला, तेव्हा तो आपल्याकडे सुरू झाला. १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक ठरले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची १२८ घरे इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून आखलेली आहेत. म्हणजे संकेत होते. पण छपाईच्या व्यवहाराने त्यांची वाट पाहिली नाही. पुण्याच्या सी-डॅकची प्रणाली, श्रीलिपी, आकृती अशी साधने पुढे आली आणि प्रत्येकाने रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसवले. अर्धा 'क' कोठे, काना कोठे, रफार कोठे, याचे नकाशे भिन्न. फाइलीत प्रत्यक्षात मराठी नव्हतीच. रोमन चिन्हांची रांग होती आणि तिच्यावर फाँटचा मुखवटा होता.

अशी फाइल जुन्या सर्व्हरवरून नव्यावर नेली तर नक्कल शंभर टक्के शुद्ध होते. दोन्ही बेरजा जुळतात, कडक कसोटीही उतरते. मात्र नव्या यंत्रावर तो फाँट नसला की पडद्यावर स्वरचिन्हे डोक्यावर घेतलेली परकी अक्षरे उमटतात. ती युनिकोडमध्ये आणायची तर नुसती अदलाबदल पुरत नाही, क्रमही बदलावा लागतो. फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी लिहिलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चारानुसार नंतर येते. 'धर्म' या शब्दात फाँट 'ध', 'म' आणि मग वरचा रफार असे म्हणतो. युनिकोड 'ध', 'र', हलन्त-खूण, 'म' असे म्हणते. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या निघाल्या, पण जोडाक्षरांच्या दाटीत त्या अडखळतात, आणि दुरुस्ती अखेर मराठी जाणणाऱ्या माणसालाच बसून करावी लागते. एकनाथांचे काम म्हणतो ते हेच.

पानाच्या मांडणीच्या फाइलींची अवस्था याहून बिकट आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या मंडळांची नियतकालिके १९९० नंतर बहुधा पेजमेकरमध्ये जुळवली जात. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि २००४ मध्ये त्याचा विकास थांबला. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या सीएस-सहापर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडत; पुढील आवृत्त्यांनी ते सोडून दिले. अंकांच्या छापील प्रती मुळातच थोड्या, आणि त्यांपैकी कितीतरी सभासदांच्या पश्चात रद्दीत जातात. म्हणजे बृहन्महाराष्ट्रातील वीस-पंचवीस वर्षांच्या लेखनाचा एक मोठा भाग अशा फाइलींत आहे, ज्या प्रत्येक स्थलांतरात निष्ठेने नव्या यंत्रावर नेल्या जातात आणि ज्या उघडणारे साधन दर स्थलांतरागणिक दुर्मीळ होत जाते. ज्यांच्याकडे जुना संगणक अजून चालू आहे त्यांनी या फाइली आजच पीडीएफमध्ये उतरवल्या तर निदान डोळ्यांनी वाचता येतील. मजकूर पुढे कोणी सोडवील.

युनिकोड आल्यावरही सर्व सुरळीत झाले असे नाही. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र घर २००८ मध्ये मिळाले. त्याआधी 'अ' वर अर्धचंद्र ठेवून काम भागवत. त्यामुळे त्या काळातील फाइलींत 'ॲड्.' शोधले तर डोळ्यांना दिसते, यंत्राला सापडत नाही. फाइलींच्या नावांची गंमत आणखी निराळी. लिनक्सच्या प्रचलित रचनेत नावाला २५५ बाइट मिळतात. रोमन लिपीत ती २५५ अक्षरे झाली. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने आपल्या वाट्याला ८५ चिन्हे येतात, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांट्या सर्व मोजल्या जातात. विंडोजवर लेखकासह संपूर्ण शीर्षक लिहून ठेवलेली फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर नेताना नाव लांब म्हणून नाकारली जाते. हजारो फाइलींच्या रांगेत अशा पाच-दहा मागे राहिल्या तर नोंदवही वाचल्याखेरीज पत्ता लागत नाही.

आणि आपला तो पाऊण 'र'. वऱ्हाड, दऱ्या, येणाऱ्या, करणाऱ्या. त्याच्यावाचून मराठीचे वाक्य दोन पावले चालत नाही. युनिकोडच्या नियमाप्रमाणे हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते: एकाच चिन्हाने, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दोन्ही समान मानावीत असा नियमच आहे. १९९८ पासून मॅक संगणकावर जी फाइल-रचना होती ती नावांतील अशी अक्षरे आपोआप फोडून ठेवी. २०१७ च्या नव्या रचनेने ती सवय सोडली. लिनक्स मात्र नाव जसे येईल तसे, बाइटांची रांग म्हणून, ठेवतो. त्यामुळे जुन्या मॅकवरून 'वऱ्हाडातील लोककथा' ही फाइल अशा सर्व्हरवर आणली, जेथे ती आधीपासून होती, तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसू लागतात. आर्सिंकच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. 'मुळात नसलेले पुसून टाक' असे सांगितलेले असेल तर तिला जी परकी वाटेल ती फाइल ती पुसते. हे टाळण्यासाठी नावांचे रूपांतर करण्याची सोय २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आर्सिंकमध्ये आहे. ती वापरायची असते हे सर्व्हर हलवणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते, आणि तो बहुधा मराठी वाचणारा नसतो.